अक्काच्या पातळाची हडळ

आमच्या वस्तीवरच्या भुतांचे केस मी करत असे. जत्रा पंधरा-वीस दिवसांवर आली की तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, कॅनॉलच्या कडेची घायपाताची पानं विळ्यानं तोडून आणायचे. ती हौदाच्या सांडपाण्यात कुजत घालायची, बुळबुळीत झाली की दगडावर ठेचायची, आणि धुऊन वाळवली की त्यातून लांब, पांढरा वाक निघायचा. लोक त्याचे कासरे वळत. आमच्याकडे कासरे वळून उरेल त्याचे केस होत. कुजलेल्या पानांचा वास हाताला असा धरायचा की आई मला जेवायला चुलीपासून लांब बसवायची. म्हणायची, "तितंच बस शालन. भूत परवडलं, पर तुजा हात नगो." मला त्या वासाचं काही वाटत नसे. वर्षातले तेवढे पंधरा दिवस त्या घरात माझं स्वतःचं म्हणावं असं काम मला असायचं.

घर चार खणांचं, वर पत्रा, पुढं पडवी, मागं गोठा आणि चहूबाजूंनी ऊस. ऊस डोक्याच्या वर गेला की खिडक्या असून नसल्यासारख्या व्हायच्या. भवानीनगरचा कारखाना आमच्या अंगणातून दिसत नसे, पण त्याच्या भोंग्यावर आमचा दिवस चालायचा. पहिल्या भोंग्याला आई भाकरी थापायला बसायची, दुपारच्या भोंग्याला आबा, म्हणजे माझे वडील, रानातून यायचे आणि संध्याकाळच्या भोंग्याला गाईची धार निघायची. गळिताच्या दिवसांत वारा फिरला की मळीचा गोडूस, आंबूस वास घरात शिरायचा, तो अंथरुणातसुद्धा असायचा. जेवायला बाजरीची भाकरी, कधी हुलग्याचे शेंगोळे, कधी ताकातल्या कण्या. शेंगोळे वळायला मी बसायचे, कारण माझी बोटं बारीक होती. आई म्हणायची, तुजा शेंगोळा पोरीच्या येणीसारखा हुतो. एवढंच काय ते कौतुक. आबा जेवताना बोलत नसत आणि ते बोलत नसले की कुणीच बोलत नसे. फक्त तात्या मधूनच काहीतरी चावट बोलून जायचे आणि आई पदर तोंडाला लावायची.

घरापुढं बाभळीच्या काट्याचं कुंपण होतं आणि त्याला एक लाकडी फाटक. मला त्या फाटकापर्यंत मुभा होती. आधी तसं नव्हतं. आधी मी शाळेत जात होते, विहिरीवरून पाणी आणत होते, कॅनॉलवर धुणं धूत होते. मग माझी थोरली बहीण गेली. तिचं नाव विमल, मी तिला अक्का म्हणायची. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. मास्तरीण व्हायचं म्हणून ती एस्टीनं रोज बारामतीला जात होती, आबांनीच घातली होती, आणि एक दिवस ती परत आली नाही. चार दिवसांनी पत्र आलं की तिनं लग्न केलं आहे. मुलगा आपल्यातला नव्हता. आबांनी पत्र दोनदा वाचलं आणि उठून चुलीत घातलं. रडले नाहीत, ओरडले नाहीत. म्हणाले, "ह्या घरात तिचं नाव घ्यायचं न्हाय." माझी चौथीची परीक्षा तोंडावर होती. ती त्यांनी देऊ दिली. पाचवीची शाळा लांब होती, तिथं मात्र घातलं नाही. गुरुजी एकदा विचारायला आले, तेव्हा आबा पडवीत बसूनच म्हणाले, "एक शिकली तेवढं बास झालं, गुरुजी. चहा घ्या."

त्याच उन्हाळ्यात आबांनी विहिरीवरून पाईप आणून अंगणात पाण्याची तोटी बसवली. वस्तीवरच्या बायका बघायला आल्या, म्हणाल्या, नशीब काढलंस बाई, डोक्यावरचा हंडा उतरला. आईनं रिकामा हंडा पालथा घातला. तोटी आल्यावर मला विहिरीवर जायचं कारण उरलं नाही, आणि धुण्याला कॅनॉलवर जायचंही. मला कुणी दार लावून कोंडलं नव्हतं. बाहेर जायला लागेल असं काही त्यांनी शिल्लक ठेवलं नव्हतं, इतकंच. आता मी बारामतीला मुलाकडं राहते, तिसऱ्या मजल्यावर. कुठं जाते म्हणून विचारणारं कुणी नाही. तरी खाली उतरून सोसायटीच्या फाटकाशी आले की पाय थबकतो. वॉचमन विचारतो, "आजी, काय इसरलं का?" मी हो म्हणते आणि उगीच पिशवी चाचपते.

तर जत्रा, चैत्रातली. गाव आमच्या वस्तीपासून अर्ध्या तासाच्या चालीवर. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सोंगांच्या बैलगाड्या निघायच्या. कुठल्या वस्तीचे देव असत, कुठल्या वस्तीचे राजे, आमच्या वस्तीची भुतं. हे आबांच्या वडलांच्या आधीपासून चालत आलेलं. तात्यांचं लग्न जमलं नव्हतं आणि ते म्हणायचे की माझं लगीन ह्या भुतांशीच लागलंय. गाडीवर वेताळ, खवीस, मुंजा आणि मधोमध हडळ. त्यासाठी विकतचं काही आणायचं नाही, घरात रोज वापरतात त्याच कपड्यांतून सगळं उभं करायचं. आणि ते कपडे दुसऱ्या दिवशी ज्याचे त्याला परत द्यायचे असत, म्हणून कात्री लावायची नाही. नुसत्या धावदोऱ्यानं टाचायचं, असं की दोऱ्याचं टोक ओढलं की सगळं मोकळं. हे मी आपोआप शिकले. खवीस करायचा तर काळी घोंगडी घ्यायची आणि परकराच्या पांढऱ्या नाड्या तिच्यावर बरगड्यांसारख्या टाचायच्या. वस्तीवरच्या सगळ्या बायका त्या दिवशी नाडीऐवजी सुतळी बांधून फिरायच्या. वेताळाला सदरा उलटा घालायचा, खांद्यात पटक्याची चुंबळ कोंबायची, म्हणजे मान आत जाते आणि माणूस हातभर उंच दिसतो. मुंजाला आबांचं धोतर. दात भोपळ्याच्या बियांचे, काळं तव्याच्या बुडाचं, तेलात कालवलेलं.

खरं काम हडळीचं. तिचे पाय उलटे, म्हणून सोंग घेणाऱ्याला चपला उलट्या बांधायच्या आणि पातळ मागचं पुढं करून नेसवायचं. हात लोंबते हवेत, गुडघ्याच्या खाली येणारे. त्यासाठी पोलक्याच्या बाह्यांना धोतराच्या पट्ट्या जोडून त्यांत उसाचं पाचट भरायचं. माणसाचे खरे हात आत अंगाला चिकटून. पदराखाली एक फट ठेवायची, तिथून हात काढून तो पाचटाचे हात दोरीनं हलवायचा. तोंडावर घायपाताचे केस. आमच्याकडं गणपा नावाचा एक गडी होता, काटकुळा, तो दरवर्षी हडळ व्हायचा आणि असा चालायचा की शेंबडी पोरं आईच्या पोटात तोंड घालायची.

हडळीच्या कपड्यांचा एक नियम होता. जित्या बाईचं कापड तिला घालायचं नाही. ज्या घरातली बाई त्या वर्षात गेली असेल, त्या घरातून एखादं लुगडं मागून आणायचं. तेवढंच एक कापड परत द्यायचं नसे, ते जत्रेनंतर नदीला सोडत. अक्का गेली त्या वर्षी वस्तीवर कुणी बाई मेली नव्हती. तात्या पडवीत बसून आईला म्हणत होते, आता हडळीला काय माझा लेंगा घालू काय. आबा आतून हात पुसत आले आणि म्हणाले, "आपल्या घरातली गेलीच की एक. तिच्या ट्रंकंतलं द्या."

आई परातीत पीठ मळत होती. तिचा हात थांबला आणि परत चालू झाला. तात्यांनी मान खाली घातली. मी कोपऱ्यात वाक विंचरत होते. मला वाटलं आई काहीतरी म्हणेल. तिनं पीठ मळून संपवलं, हात धुतले, ट्रंक उघडली आणि अक्काचा शाळेचा निळा परकर काढून माझ्यासमोर ठेवला.

पुढं दरवर्षी तसंच झालं, बाई मेलेली असो नसो. दुसऱ्या वर्षी पांढरं सुती पातळ, तिसऱ्या वर्षी चौकड्यांचं. नदीला सोडायला मी ते तात्यांकडं द्यायची, तर तात्या म्हणायचे, "मी सोडलं असं समज आन् घाल परत ट्रंकंत." मग मी धावदोरा ओढून काढायची, पाचटाची कुसं एकेक वेचायची, धुवायची, घडी करून ठेवायची. मला वाटायचं, ती आली तर तिला घालता यायला हवं. आता कळतं की इतकी वर्षं तिला दुसऱ्या कापडाची वाण पडली नसणार. पण तेव्हा मी असाच विचार करायची. एक जांभळं व्हाइलचं पातळ होतं, बारीक पांढऱ्या फुलांचं, ते मी तळाशी दडवून ठेवलं होतं. ते नेसून ती पहिल्यांदा बारामतीला गेली होती. पदराशी काट्यात अडकून फाटलेलं होतं आणि तिनं घाईत हिरव्या दोऱ्यानं रफू केलं होतं. चौथ्या वर्षी हडळीला न घातलेलं असं तेवढं एकच उरलं.

त्या वर्षी जत्रेला आठ दिवस असताना काशीबाई कासारीण आली. ती बारामतीपासून सगळ्या वस्त्या फिरायची. अंगणात बसून तिनं माझा हात आपल्या हातात घेतला, बांगडी चढवायला बोटं आवळून धरली आणि मान वर न करता बोलायला लागली.

"हात ढिला सोड. बोलू नगो, निसतं ऐक. तुजी अक्का भेटली व्हती. सोंगाच्या दिशी येनार हाय, पान्याच्या टाकीखाली, एस्टी थांबती तितं. पाचच्या गाडीनं म्हागारी जानार. तुला न्यायला येतीया. शिवणाच्या क्लासात घालती म्हनली. यायचं तर अंगावरच्या कापडानिशी ये."

बांगडी गाठीवरून सरकली. आई चार हातांवर पाठमोरी बसून हुलगे निवडत होती. काशीबाई मोठ्यानं म्हणाली, "किती गं कडक हात हाय ह्या पोरीचा," आणि दुसऱ्या हातासाठी माझ्याकडं बघितलं. तिनं हो की नाही विचारलं नाही. मी दुसरा हात आपणहून पुढं केला, त्यावरून तिला काय समजायचं ते समजलं असेल.

ते आठ दिवस मी कसे काढले ते आठवायचा प्रयत्न केला तर फक्त पाचटाचा आवाज आठवतो. हडळीचे हात भरत होते आणि मनात सारखी वाट चालत होते. सोंगाच्या दिवशी बापई सगळे जत्रेला. आबा सकाळपासून कुस्तीच्या फडावर पंच. गाडी गेली की घरात आई आणि मी. आई दुपारी थोडी पडते. फाटक उघडायचं, कॅनॉलची कड धरायची, टाकी लांबूनच दिसते. मी चौदा वर्षांची होते आणि चार वर्षांत फाटकाबाहेर दोनदा गेले होते, दोन्ही वेळा कुणाच्या तरी मयतीला.

सोंगाच्या दिवशी सकाळी तात्या कपाळाला हात लावून पडवीत आले. "झालं कल्याण. हडळीला गालगुंड झालंय. गणप्याचं तोंड बघा जाऊन, लोडावानी सुजलंय. केसातनं भूत न्हाय, भोपळा दिसंल."

दुसरं काटकुळं माणूस वस्तीवर नव्हतं. तात्या एकेकाचं नाव घेत होते आणि स्वतःच नाकारत होते. तेवढ्यात आई म्हणाली, "शालनला उभी करा."

"वैनी, डोकं ठिकानावर हाय न्हवं? दादाला कळलं तर माजीच हडळ करतील."

"कळतंय कसं? तोंड केसात, हात आत. त्ये फडावर बसल्यात. चार वर्सं झाली, पोरगी फाटकाभायेर गेली न्हाय. बघू द्या की एकदा जत्रा."

आई माझ्यासाठी बोलली असं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी तिच्याकडं बघितलं, ती भाकरी उलटत होती. आणि मला वाटलं की मला पळून जावंच लागणार नाही. गाडीच मला टाकीपर्यंत नेणार. टाकीपाशी गाड्या वळायला थांबतात, तिथं गर्दी असते. पदराखालच्या फटीतून हात काढायचा, दोरा ओढायचा, पातळ गळून पडेल, आतून माझं परकर-पोलकं. उडी मारायची. इतकं सोपं झालं होतं की मला भीती वाटायला लागली.

दरवर्षी मी शिवायची आणि गणपा उभा राहायचा. त्या दिवशी उभं राहायचं मला होतं, म्हणून शिवायला आई बसली. जित्या माणसाच्या अंगावर कापड शिवायचं तर त्यानं दातात केरसुणीची काडी धरायची आणि शिवून होईपर्यंत बोलायचं नाही, अशी आमच्याकडं रीत. अंगावर शिवून घेतं ते मढं, म्हणून. आईनं काडी मोडून माझ्या दातात दिली. जांभळं पातळ उलटं नेसवलं. माझे हात अंगाला लावले, वरून पोलकं, पाचटाचे हात, पदर. मग माझ्या पाठीमागं बसून ती टाचत राहिली. मला सुई दिसत नव्हती. नुसतं कापड आवळत गेलेलं कळत होतं, आधी कोपराशी, मग कंबरेशी, मग जिथं फट असते तिथं. मला जितका वेळ लागायचा त्याच्या तिप्पट तिला लागला. मला म्हणायचं होतं की आये, घट्ट होतंय, फट राहू दे. पण दातात काडी होती. दोन-तीनदा तिनं दात लावून दोरा तोडला, तेव्हा तिचा श्वास माझ्या मानेला लागला. एकदा तिनं कपाळ माझ्या पाठीला टेकवलं आणि तसंच ठेवलं. मला वाटलं दमली असेल.

काडी काढली तोवर तात्यांनी मला उचलून गाडीत ठेवलंच होतं. मधल्या दांडीला कंबर पंच्यानं बांधली, कारण गाडी हिसके देते. मी म्हणाले, "तात्या, हात निघंना."

"हडळीला कशाला गं आनी हात? दोन लोंबत्यात की," ते म्हणाले आणि माझ्या तोंडावर केस सोडले. "आन् आता एक शब्द न्हाय. सोंग बोलत नसतं. बोललीस तर तू बी मेलीस आन् मी बी."

गाडी निघाली. फाटक मागं गेलं. केसांतून सगळं चिरफाळ्या केल्यासारखं दिसत होतं. कॅनॉल, त्यावरचा पूल, मग माणसं. गोडी शेव, रेवड्या, पाळण्याचा करकर आवाज, हलगी. पोरं गाडीमागं धावत होती. बायका आपली तान्ही पोरं वर धरून माझ्या पाचटाच्या हाताला त्यांचं बोट लावत होत्या, म्हणजे पोराची भीती जाते. मी आतून हात फिरवून दोरा शोधत होते. माझा धावदोरा बोटाला लगेच लागतो, सैल असतो. हा लागत नव्हता. नखानं चाचपलं तेव्हा समजलं. टाका सैल नव्हता. मागं येऊन पुढं जाणारा, बारीक, दुहेरी दोऱ्याचा बखिया होता, आणि प्रत्येक चार बोटांवर गाठ. पोती शिवायचा दोरा होता तो. मी कोपरं ताणली, खांदे उचलले, एक टाका हलला नाही. बघणाऱ्यांना वाटलं हडळ अंगात आल्यासारखी करतेय. ते हसले आणि हलगीवाल्यानं ताल वाढवला.

टाकीखाली अक्का उभी होती. पोपटी पातळ, हातात कापडी पिशवी. तोंड भरलं होतं, पण तीच. ती गाडीमागून चालणाऱ्या पोरींची तोंडं एकेक करून बघत होती, माझ्या वयाच्या पोरींची. गाडी वळायला थांबली. आमच्यात आठ-दहा हातांचं अंतर असेल. आजूबाजूचे हसले म्हणून तीही हसली आणि तिनं वर हडळीकडं बघितलं. केस बघितले. मग तिची नजर खाली आली, पातळावर, पदरावर, त्या हिरव्या रफूवर.

हडळीला कुणाचं कापड घालतात ते अक्काला माहीत होतं. लहानपणी तिनंच मला ते सांगितलं होतं.

तिचं हसू गेलं. ती ओरडली नाही, रडली नाही, अगदी आबांसारखी उभी राहिली. मग तिनं पदर ओढून पोटावर घेतला आणि त्यावर हात ठेवला, भुतापासून झाकावं तसा. तेव्हा मला दिसलं की तिला दिवस गेलेले आहेत, सहावा किंवा सातवा असेल. एस्टी लागलेली होती. ती पाठ फिरवून चढली. गाडी वळली, आम्ही गेलो.

ह्या एका गोष्टीवर मी आयुष्यभर विचार केला आहे. हात शिवले होते, कंबर बांधली होती, हे खरं. पण तोंड शिवलेलं नव्हतं. काडीसुद्धा काढलेली होती. "अक्का" एवढाच शब्द, तिनं वळून बघितलं असतं. मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. हलगी वाजत होती. तात्या बुडाले असते. आबा फडावरून उठून आले असते. सगळी खरी आहेत. पण त्या वेळी ह्यातलं एकही माझ्या मनात नव्हतं. मनात काहीच नव्हतं. चार वर्षं मी गप्प राहायला शिकले होते आणि लागलं तेव्हा दुसरं काही येईना.

दिवेलागणीला घरी आलो. आईनं मला चुलीपाशी उभं केलं आणि ब्लेडनं टाके तोडायला लागली. बखिया तोडताना कापडही तुटत होतं. दंडाला वळ उठले होते, त्यांवर तिनं तेल लावलं. मी म्हणाले, "तुला म्हाईत व्हतं."

"कासारणीनं आदी मला इचारलं, मग तुला सांगितलं." ती खाली बघूनच बोलत होती. "तू बी गेली असतीस तर ह्या घरात माजं म्हनून कोन ऱ्हायलं असतं? पर तिला डोळ्यांनी बघितलंस न्हवं? तेवढ्यासाठी तर उभी केली तुला. घरात कोंडून बी ठेवली असती."

मी खाली पडलेले दोरे पायानं एका जागी सारत राहिले.

"कशी दिसती?" आईनं विचारलं. "बरी हाय का? अंग धरलंय का गं तिनं?"

तिचा तेलाचा हात माझ्या दंडावर थांबला होता. तिला तेवढंच हवं होतं, चार वर्षं तेवढंच हवं होतं. मी म्हणाले, "केस तोंडावर व्हते. मला काय दिसलं न्हाय."

आईनं पुन्हा विचारलं नाही. पातळ गोळा केलं, त्याचा पदर बघितला आणि आपल्या हातानं ट्रंकेत ठेवलं. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. मुलगा बारामतीचा, दूध डेअरीवर कामाला, माणूस चांगला निघाला. शिवणाचा क्लास काही झाला नाही. एका फाटकातून दुसऱ्या फाटकात गेले, हे फाटक तेवढं कडी न लावलेलं.

आबा गेले तेव्हा अक्का दहाव्याला आली. त्या घरात पंधरा-सोळा वर्षांत पहिल्यांदा. बरोबर अकरा-बारा वर्षांची मुलगी. आईनं त्या मुलीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, विचारलं, "कवाची गं तू?" मुलीनं महिना सांगितला. आई बोटांवर मागं मागं मोजत गेली, चैत्रातल्या त्या जत्रेपाशी थांबली आणि तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मग उठून तिनं पोरीला दूध दिलं. ह्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

अक्का बारामतीतच राहते, मास्तरकी करून निवृत्त झाली. आठवड्यातून एकदा माझ्याकडं येते. मागच्या महिन्यात आली तेव्हा मी नातीचा ड्रेस टाचत बसले होते. पोरीच्या शाळेत भुताचा दिवस होता, घरातल्याच कपड्यांतून भूत करून आणा म्हणून निरोप होता. सून मोबाईलवर बघून तिच्या जुन्या कुर्त्याला कात्री लावायला निघाली होती, मी म्हटलं, राहू दे, मी करते. अक्का सोफ्यावर चहा घेत माझ्या हाताकडं बघत होती.

"तुला सांगते, शालन," ती म्हणाली, "एकदा मी जत्रंला आले होते. तुला न्यायला. कासारणीजवळ निरोप ठेवला होता, तो तुला पोचलाच नसणार. तर हडळीला माझंच जांभळं पातळ घातलेलं. तेव्हा कळलं की मी ह्यांना मेले. मग थांबले नाही." तिनं बशीत चहा ओतला. "कोण झालं होतं गं त्या वर्षी हडळ? गणपा का?"

माझा दोरा सुईतून निसटला होता. तो ओवायला मला वेळ लागला. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, कुणी शिवलं ते, कशानं शिवलं ते. अक्काच्या खोलीत आईचा फोटो आहे, त्याला ती रोज फूल घालते.

"गणपाच असंल," मी म्हणाले.

"असेल. पण उभा मात्र चांगला राहिला होता," अक्का म्हणाली. "मी इतकी समोर होते, तरी जरासुद्धा हलला नाही."